काजलचा पाय

काजलच्या बाबास्नी सोलापुरातनं लंकाचा नमस्कार.

फोन तुमी उचलत न्हाई, म्हणून दादाच्या हातनं चिठ्ठी धाडते. काळजी करू नगा. पोर जेवती, हसती बी. पाय मात्र अजून टेकत न्हाई. रगत तपासलं, पायाचं फोटो काढलं, कायबी सापडलं न्हाई. डॉक्टर म्हणले, "शाळा बुडवायला नाटक करते." घरातनं निघताना तुमी बी हेच म्हणला हुता की.

आत्याबाईंचा गुडघा कसा हाय? कोकरं बरी हायती न्हवं?

मेंढी लंगडली तर तिला तुमी नाटकी म्हणत न्हाई. सगळा कळप थांबवून तिचा पाय मांडीवर घेता, खूर दाबून बघता. पोरीचा पाय तुमी अजून एकदाबी हातात घेतला न्हाई.

सध्या निसती काजलची आई,
लंका