किटलीखालचं कपाट

ती. वहिनींना, त्यांच्या एकुलत्या एक (आणि एवढ्यावरच निभावलं म्हणून त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकलेल्या) दिराचा वाकून नमस्कार.

दादाचा गुडघा जिना चढताना अजून कुरकुरतो का? तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झाल्याचं पुतणीकडून कळलं. (तुमच्याकडून कळण्याची सोय दोन वर्षांपासून बंद आहे. तक्रार नाही, कारण मला ठाऊक आहे.)

पत्र लिहिण्याचं कारण असं की माझ्यावर घोर अन्याय झाला आहे. गेले आठ दिवस संस्थेत मला गार चहा प्यावा लागतो. किटलीची हक्काची जागा गेली, ती आता खिडकीत वाऱ्यावर बसते, आणि माझ्या वयाच्या माणसाला अकरा वाजता जो चहा मिळतो त्याला चहा म्हणणं ही शिपाईमामांच्या भावनांची कदर आहे, दुसरं काही नाही. किटलीची जागा का गेली, हे सांगायचं तर सोमवारपासून सुरुवात करावी लागेल.

आपल्या संदर्भ विभागाच्या संगणकावर चार महिने रोज एक पाटी येत होती: नवी आवृत्ती आली आहे, आता घेणार की नंतर? मी इमानाने ‘नंतर’ दाबत होतो. (हे उत्तर आपल्या घराण्यात पिढीजात आहे, दादाला गच्चीच्या गळतीबद्दल विचारून बघा.) त्या सोमवारी मात्र मला कर्तबगारीची उबळ आली आणि मी ‘आता’ दाबलं. यंत्राने वीस मिनिटं विचार केला आणि पडदा लख्ख झाला. खाली एकच ओळ उरली: एकूण नोंदी शून्य. वहिनी, पुस्तकांच्या सत्तावीस हजार चारशे नोंदी. तीन वर्षं शेजारी बसून आपण भरलेल्या. तुम्ही एकेक कार्ड वाचायचात, मी टाइप करायचो, आणि कार्डाच्या मागचं पेन्सिलीतलं टिपण वाचायला तुम्ही ते उलटं केलंत की मी म्हणायचो, “ते राहू द्या, त्याला रकाना नाही.”

कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड होती. म्हणाली, “काका, बॅकअपची डिस्क आहे ना? मग दहा मिनिटांचं काम आहे. कुठे ठेवलीय?” आणि इथे, वहिनी, आपला धंदा आडवा आला. दुसऱ्या कुठल्याही कचेरीत अशी डिस्क साहेबाच्या टेबलाच्या खणात सापडली असती. पण आपण पडलो ग्रंथपाल. आपल्याकडे आलेल्या वस्तूला दाखल क्रमांक मिळतो, पाठीवर चिठ्ठी चिकटते, आणि ती जागेवर जाते. मी डिस्कला रीतसर क्रमांक दिला होता, तिची जागा संगणकात नोंदवली होती, आणि मग निर्धास्तपणे विसरलो होतो. डिस्क कुठे आहे ते फक्त संगणकाला माहीत, आणि संगणकाला काय माहीत ते फक्त डिस्कला. हे मी त्या मुलीला समजावून सांगितलं. ती म्हणाली, “काका, पाणी प्या.”

आपल्या संचालकांना हे सांगणं भाग होतं. ते शांतपणे म्हणाले, “यादी नसेल तर ती पुस्तकं कसली? रद्दी आहे ती.” शनिवारपर्यंत नोंदी मिळाल्या नाहीत तर दालन हिशेब विभागाला आणि पुस्तकं गठ्ठे बांधून गोदामात. ते वाक्य मला कुठेतरी ऐकल्यासारखं वाटत होतं. जिन्यात आठवलं. तुमच्या निवृत्तीनंतर कार्डांची पाच कपाटं रद्दीवाल्याला देताना मीच ते म्हटलं होतं. त्याआधी निरोपाच्या भाषणात “वहिनींबरोबर त्यांची कार्डंही निवृत्त होत आहेत” असा विनोदही केला होता. सगळे हसले. तुम्हीही हसलात, फक्त चष्मा पुसत.

तीन दिवस मी आणि शिपाईमामा एकेचाळीस कपाटं उपसत होतो. गुरुवारी मामा चहा ओतता ओतता म्हणाले, “बाईंनी त्या डिस्कचंपण कार्ड केलं होतं की. तुम्ही हसला होतात. मी होतो तिथं.”

“मग कार्ड कुठे आहे?”

“किटलीखाली.”

कार्डांचं सहावं कपाट मामांनी रद्दीवाल्याला दिलंच नव्हतं. “किटली काय डोक्यावर ठेवू?” असं त्या दिवशी म्हणाले होते, एवढंच. त्यातला खालचा खण ‘संकीर्ण आणि गहाळ’. त्यात ते कार्ड: पुढच्या बाजूला डिस्कचा क्रमांक, मागे तुमची पेन्सिल: “भावजींनी खुर्चीवर चढून नकाशांच्या कपाटावर, रिकाम्या खोक्यात ठेवली. ‘एकदम सुरक्षित’ म्हणाले. विसरणार. विचारायला आले तर हसू नये.”

तिथेच होती. शुक्रवारी दुपारी सगळ्या नोंदी परत आल्या, दालन वाचलं. कपाट मात्र आता माझ्या टेबलाशेजारी आहे, म्हणून चहा गार. मी रोज एक खण वाचतो. “पान ११२ फाटले आहे, मजकूर लिहून आत ठेवला आहे.” “हे मागणारे आजोबा वाचत नाहीत, घरी कुणी नसतं म्हणून येतात. खिडकीजवळची खुर्ची द्यावी.” ते आजोबा अजून येतात, वहिनी. गेली दोन वर्षं मी त्यांना दाराशी बसवत होतो.

असो. दादाला नमस्कार, पुतणीला आशीर्वाद, आणि तुम्हाला काय लिहावं ते सुचत नाही म्हणून इथेच थांबतो.

तुमचा,
भावजी

ता. क. गार चहाबद्दल शिपाईमामांना काही लिहू नका. ते रोज तो दोनदा गरम करतात.

ता. क. दुसरा. खरं काम हे, की नव्या आवृत्तीत ‘शेरा’ नावाचा एक रकाना आला आहे. सत्तावीस हजार वेळा रिकामा. कपाटं पाच गेली, पण ती तुमच्या डोक्यात आहेत असा मामांचा दावा आहे. रोज दुपारी फोन करू का? तुम्ही सांगा, मी टाइप करतो. मध्ये बोलणार नाही. (थोडं बोलेन.)

ता. क. तिसरा. ‘गहाळ’मध्ये पक्षिकोशाच्या दुसऱ्या खंडाचं कार्डही मिळालं. त्याच्यापायी एकोणीस वर्षांपूर्वी तुम्हाला लेखी समज मिळाली होती. मागे लिहिलंय: “भावजींकडून हरवला. नोकरीचा दुसराच महिना. माझ्या नावावर घातला. घरी विषय नको.” मला वाटत होतं, कुणालाच कळलं नाही. जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून शोधून तो खंड आणला आणि पहिल्या-तिसऱ्याच्या मध्ये ठेवला. सहज बसला. जागा तुम्ही सोडूनच ठेवली होती. कार्डावरचं तुमचं नाव खोडून माझं घातलं आहे, शाईने, आणि खाली संचालकांची सही घेतली आहे. कार्ड सोबत जोडत आहे.