अठ्ठावीसचा आकडा

सर,

तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. तुमच्या हृदयाच्या इकोच्या रिपोर्टची प्रत माझ्याकडे आहे. खाली माझी सही, वर माझंच वाक्य: महाधमनीच्या झडपेचं आकुंचन मध्यम, सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी. तुम्हाला सहा महिने मिळाले नाहीत.

ही झडप तुम्हीच मला शिकवलीत. मी शिकाऊ डॉक्टर होते आणि खडकवासल्याकडच्या एका आजोबांची छाती न ऐकताच जुन्या कागदावरून 'मर्मर आहे' असं उतरवून घेतलं होतं. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "माणूस समोर श्वास घेतोय आणि तू कागद वाचतेस? वाचनालयात जा मग." मला तासभर त्यांच्या खाटेशी बसवलंत. मी रडवेली होऊन स्टेथोस्कोप टेकवत राहिले. आजोबाच मला समजावत होते, "ऐका बाई निवांत. मला कुठं जायाचं हाय." शेवटी मर्मरचा तो खरखरीत आवाज मला ऐकू आला, आणि त्यामागून यायला हवा तो दुसरा ठोका जवळजवळ नव्हताच. झडप दगडासारखी झाली की ती मिटल्याचा आवाजही येत नाही, हे तुम्ही तेव्हा सांगितलंत.

निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी तुम्ही माझ्या ओपीडीत आलात, नंबर लावून, सगळ्यांसारखे. पर्वतीच्या निम्म्या पायऱ्यांवर थांबावं लागतं म्हणालात, एकदा डोळ्यांपुढे अंधारीही आली होती. मी इको केला. झडपेच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक अठ्ठावीस. चाळीसच्या पुढे गेला की आजार गंभीर, म्हणून मी मध्यम म्हटलं. झडपेचं तोंड मात्र फारच अरुंद दिसत होतं. ते मोजताना चूक झाली असेल, असं मी धरून चालले.

तुम्ही माझी बोटं धरून आपल्या मानेवर ठेवलीत. "नाडी कशी वर येते?"

"हळू येते, सर."

"आणि मर्मर?"

"तुमच्या जुन्या कागदांत लिहिलाय त्यापेक्षा कमी आहे."

"मर्मर कमी झालाय. आजार कमी झालाय का?"

"पण सर, आकडा मध्यमच येतोय."

"मग आकड्याचं ऑपरेशन करू," म्हणालात आणि शर्टाची बटणं लावलीत. आणखी वाद घातला नाहीत. का नाही घातलात? एकदा ओरडला असतात तर मी ऐकलं असतं.

चौथ्या महिन्यात तुम्हाला आणलं तेव्हा फुप्फुसांत पाणी भरलं होतं. हृदयाला जोर देणारं औषध सुरू करून मी पुन्हा इको केला आणि तो फरक पन्नासच्या वर गेला. झडप आधीपासूनच गंभीर होती. थकलेल्या हृदयात रक्त ढकलायला ताकद नव्हती, म्हणून आकडा लहान येत होता आणि मर्मरही मंद झाला होता. हे मला परीक्षेत विचारलं असतं तर मी धडाधडा सांगितलं असतं. सर्जन पाहून गेले. "आता टेबलावरच जातील. चार महिन्यांपूर्वी का नाही आणलंत?" तुम्ही ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून विचारलंत, "आता काय म्हणतेस?"

"सिव्हिअर, सर."

"बरोबर," म्हणालात. तोंडी परीक्षेत म्हणायचात तसं. मला रागावला असतात तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. बाहेर काकूंनी मला विचारलं, "आधी कळलं असतं तर काही करता आलं असतं का गं?" मी नाही म्हणाले. त्यांनी माझा हात धरला. "तू होतीस म्हणून त्यांना धीर होता," म्हणाल्या.

त्या आता वारज्याला लेकीकडे असतात. दोनदा मी त्यांच्या दारापर्यंत जाऊन, बेल न वाजवताच परत आले. हे सगळं खरं तर त्यांना लिहायला हवं होतं. तुम्हाला लिहिते आहे, कारण तुम्ही ते वाचणार नाही.