अकरा सूचना आणि नातीची दुपारची झोप

सोमवार, ३ मार्च
दुपारी बरोबर एक वाजून वीस मिनिटांनी पोटच्या लेकीने माझ्या हातात टाइप केलेला कागद ठेवला. ‘बाळाला झोपवणे : आईसाठी सूचना’. अकरा कलमं! एकतीस वर्षं मी ऑफिसचा आवक-जावक विभाग सांभाळला. लोक माझ्याकडून सूचना घेऊन जायचे!

नात सात महिन्यांची. अंगावर प्यायल्याशिवाय डोळा मिटत नाही. लेक येत्या सोमवारी कामावर रुजू व्हायची आहे. तोवर ही माझ्याकडे झोपली नाही, तर राजीनामा देणार म्हणते.

कलम चार : ‘पेंगुळली की खाली ठेवायचं, पण जागी असताना.’ पेंगुळलेली की जागी? एक काय ते ठरवा!

मंगळवार, ४
सगळं कलमांबरहुकूम केलं. पडदे ओढले, थोपटलं, गप्प राहिले. पन्नास मिनिटं रडली. शेवटी लेक आली – “आई, दे इकडे.” दिली. दोन मिनिटांत गाढ! माझं काय चुकलं?

बुधवार, ५
जावई म्हणाले, “तुम्ही हिला लहानपणी कसं झोपवायचात?”
मी म्हटलं, “मुकाट्याने.”
पण मग दुपारभर आठवत बसले. मांडीवर? पाळण्यात? काहीच आठवेना. असं कसं?

गुरुवार, ६
लेकीला घराबाहेर काढलं. “तासभर बागेत जाऊन बस. तुझा नुसता वास आला तरी पोरगी उठते.”
“मी काय अत्तराची बाटली आहे?” – पण गेली.

मला अंगाई येत नाही. शाळेत सिस्टरांनी शिकवलेली इंग्रजी प्रार्थना म्हटली, तर टाहोच फोडला. मग तिला खांद्यावर घेऊन येरझारा घालत हळू आवाजात तक्रारी सुरू केल्या. अकरा कलमं, राजीनाम्याची धमकी, जावयाचे पलंगावर टाकलेले ओले टॉवेल. ऐकत राहिली! टॉवेलांच्या तक्रारीपाशी तिचे डोळे जड झाले. थांबले की कुरकुर. म्हणून बोलत राहिले, आणि भलतंच तोंडून गेलं – तुझ्या आईला मी कधी झोपवलंच नाही गं. तिसऱ्या महिन्यात कामावर गेले. सासूबाई झोपवायच्या. मी परत यायचे तेव्हा निजलेली असायची.

नात झोपली. मी तशीच उभी. म्हणजे मी विसरले नव्हते. आठवायला काही नव्हतंच.

शुक्रवार, ७
बावीस मिनिटांत झोपली. विषय – गळका नळ.

शनिवार, ८
नऊ मिनिटं! लेकीला अभिमानाने सांगितलं. खूश व्हायचं सोडून घडी घातलेली दुपटी उलगडून पुन्हा घड्या घालत बसली. “काय झालं?” तर “काही नाही.” झोपली नाही तरी तोंड पाडायचं, झोपली तरी तेच! मला या मुलीचं काही कळत नाही.

रविवार, ९, संध्याकाळ
चष्म्याच्या डबीत चिठ्ठी सापडली. लेकीचं अक्षर.
‘आई, गुरुवारी फोन विसरले म्हणून परत आले होते. दाराआड उभं राहून सगळं ऐकलं. पहिल्या दिवशी मला ठेवून निघालीस, तेव्हा तू रडलीस का? उद्या सकाळी साडेआठला मी निघते. त्याआधी उत्तर हवं. लेखी. तोंडी नको, तोंडी तू भांडतेस.’