रशियन खोकला

५ जुलै, सकाळी
मासेमारीची बंदी. बोटी काठावर, वर्कशॉपात जेमतेम चार इंजिनं. हा महिना संगीताला. संकल्प : एकाच रशियन सिंफनीची तीन रेकॉर्डिंग्ज रोज ऐकणे. रशियन, जर्मन, इंग्लिश.
रशियन तबकडी एका रशियन जहाजाच्या इंजिनियरनं दिली होती, तीस वर्षांपूर्वी, मुंबईच्या गोदीत. त्याच्या पंपाचा बिघाड मी नुसत्या आवाजावरून पकडला म्हणून. बाकी दोन गुरुप्रसाद सरांच्या. कॉलेजात फिजिक्स शिकवतात, पण माणूस चांगला.

६ जुलै
जर्मन : नुकतंच सर्व्हिसिंग करून आणलेलं इंजिन. तेलाचा डागसुद्धा नाही. इंग्लिश : तोंडात लाडू ठेवून वाजवतात. रशियन : तुताऱ्या थरथरतात, लग्नातल्या बँडवाल्याच्या थरथरतात तशा. हाच अस्सल आवाज. आठवी नापास माणसाला जे कळतं ते पदवीवाल्यांना का कळत नाही?
भात करपला. बायको प्रेमला म्हणते कुकरच्या पाच शिट्ट्या झाल्या, तुम्ही शेजारीच होतात. मी म्हणालो, शिट्टी बदल. हल्लीच्या शिट्ट्यांत दम नाही.

९ जुलै
तबकडीसोबतच्या पुस्तिकेत लिहिलंय की तिसऱ्या भागात त्रिकोणी घंटा वाजते. जर्मन रेकॉर्डिंगमध्ये ती नाही. कापली. इंग्रजांनीही कापली. रशियनांनी ठेवली असणार, पण अस्सल माणूस घंटा हळूच वाजवतो.
यंदा रातकिडे नाहीत. हवामान बिघडलंय.

१० जुलै
वाचनालयात हे सगळं सांगितलं. सर म्हणाले, सदूशेठ, रविवारी वीस तारखेला पडद्यामागून तिन्ही लावतो, तुम्ही ओळखा. मी म्हणालो, डोळे मिटून ओळखतो.
श्रुती तिथेच होती. माझी मुलगी, डिप्लोमा मेकॅनिकल. दोन वर्षं मागे लागली आहे की इंजिनांचा आवाज मीटरवर तपासू या. म्हणाली, बाबा, हरलात तर या सीझनला सगळ्या बोटींना माझं मीटर, तुमचा स्क्रूड्रायव्हर खिळ्याला. जिंकलात तर मीटर कपाटात. सगळ्यांसमोर म्हणाली. मला हो म्हणावं लागलं.
चाळीस वर्षं स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून रोग सांगितलेत. काळजी नाही.

१२ जुलै
सराव. प्रेमलाला तबकड्या बदलायला बसवलं, मी पाठमोरा. सातपैकी दोन बरोबर. प्रेमलानं चुकीच्या लावल्या असणार. तिला विचारलं तर म्हणाली, हो हो, माझंच चुकलं. मासे साफ करता करता म्हणाली. तसं म्हणायला नको होतं.

१४ जुलै
सर रशियन तबकडीची खरखर कॉम्प्युटरवर काढून टाकणार आहेत. म्हणजे तीही खूण गेली. नाही तरी मला ती नकोच होती.

१५ जुलै, दुपारी
सापडलं! रशियन रेकॉर्डिंग भरल्या सभागृहातलं आहे. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला, सगळं शांत असताना, एक माणूस दोनदा खोकतो. जाड, ओला, थंडी सोसलेला खोकला. जर्मन आणि इंग्लिशमध्ये कोणी खोकत नाही. सरांना सहज विचारलं, तुमचा कॉम्प्युटर खोकला काढतो का? नाही म्हणाले.
ही लबाडी नव्हे. खोकला हासुद्धा ऑर्केस्ट्राचाच भाग.

१९ जुलै
खोकला आता पाठ. कुठल्या देशाचा तेही सांगू शकेन.

२० जुलै, रात्री
हॉल भरलेला. मी डोळे मिटले, हात जोडून बसलो. दुसरा भाग. पहिलं रेकॉर्डिंग सुरू. शांतता. दोनदा खोकला. मी उठून उभा राहिलो. म्हणालो, हाच! हा आवाज रशियाच्या मातीशिवाय येत नाही!
डोळे उघडले. पहिल्या रांगेत आप्पा रुमालानं तोंड पुसत होते. निवृत्त तलाठी. पावसाळाभर खोकतात.
सर म्हणाले, हे जर्मन आहे.
आप्पा म्हणाले, माफ करा हां सदूशेठ, घशात कायतरी अडाकला.

२१ जुलै
बंदरावर जाऊन आलो. तीन जण मला पाहून खोकले. चौथ्याला खरंच सर्दी होती, त्यालाही शिव्या दिल्या.

२५ जुलै
प्रेमलानं कानाच्या डॉक्टरकडे नेलं. काचेच्या खोलीत हेडफोन लावून बसवलं, आवाज आला की बटण दाबा म्हणाले. काचेपलीकडे मशीनवर एक मुलगी. आवाज सोडताना दर वेळी मान किंचित झुकवते. मी चाळीस वर्षं धंदा केलाय. मान झुकली की बटण.
रिपोर्ट : कान उत्तम. डॉक्टर म्हणाले, या वयात आश्चर्य आहे.

२६ जुलै
रिपोर्ट श्रुतीला दाखवला. बराच वेळ वाचत होती. मग म्हणाली, ठीक आहे, जानूच्या बोटीचं इंजिन आधी तुम्ही ऐका, मीटर नंतर.
घराण्याची अब्रू वाचली.

३१ जुलै
जानू खलाशी घेऊन पूर्णगडहून आला. उद्या समुद्रात जायचंय. म्हणाला, सदूशेठ, कायतरी वाजताय. तुमचो कान लावा, मीटर बिटर नको.
लावला. इंजिन धडधडत होतं, बारीकसारीक काही नाही. स्क्रूड्रायव्हर हळूहळू पुढे सरकवत राहिलो, नजर श्रुतीवर. ती समोर उभी. बेल्टपाशी आलो आणि तिची डावी भुवई उडाली.
मी म्हणालो, बेल्ट!
जानू खलाशांना म्हणाला, बगलास? ह्येला म्हणतात कान!
मग त्यानं मला चहा पाजला. फार दिवसांनी चहाला चव होती.

१ ऑगस्ट
बोटी गेल्या. जानूचीही गेली. धक्क्यावर उभं राहून पाहिली.
परत येताना श्रुती म्हणाली, बाबा, बेल्ट नवाच होता. गॅस्केटमधून बारीक शिट्टी येत होती. तुम्ही चहाला गेलात तेव्हा बदललं मी. खलाशांनाही ऐकू येत होती ती.
मी न राहवून विचारलं, मग बेल्टपाशी तुझी भुवई का उडाली?
ती थांबली. मग माझ्या कानाशी येऊन, मोठ्यानं म्हणाली, माशी बसली होती, बाबा.