बस्त्यावचा प्रसाद

९ नोव्हेंबर, रविवार
चर्चमध्ये धर्मशिक्षणाचा वर्ग घेतला. धडा द्राक्षवेलीचा. ख्रिस्त वेल, आपण फांद्या. उत्तनच्या पोरांनी वेल कुठे पाहिलीय? म्हटलं, वलांडीवर सुकत घातलेले बोंबील आठवा. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून जोडी दोरीवर टाकतो ना, तसे आपण आणि ख्रिस्त. एकटा बोंबील टिकतो का दोरीवर? पोरं हसली, पण कळलं त्यांना.
घरी येऊन बस्त्यावला सांगितलं. आजारी पडला तरी नवऱ्याची जीभ तशीच. म्हणतो, "आन् एकाचा जबडाच सडला त?"
अन्ननळीचा कॅन्सर. डॉक्टरांनी हात टेकलेत. मी विषय बदलला.

१४ नोव्हें., शुक्र.
फादर घरी ख्रिस्तप्रसाद घेऊन आले. चमचाभर पाण्यात कणभर. ठसका लागला, सगळं बाहेर. फादरांनी स्वतः टिपून घेतलं. हा भिंतीकडे तोंड करून पडला. चाळीस वर्षं चर्चमधली रविवारची मिस्सा न चुकवलेला माणूस, आता प्रसादालाही मुकला.
फादर म्हणाले, "मनापासून इच्छा केलीस तरी ख्रिस्त येतो, बस्त्याव."
ते गेल्यावर हा: "इच्छेनं पोट भरलं आसतं त ही नळी कशाला लावली?"
हसू आलं. मग स्वयंपाकघरात जाऊन रडले.

२३ नोव्हें., रवि.
मिस्साला निघताना म्हणाला, "माझा पन तूच घे. लग्नात एक झालो ना? तुझ्यात आला म्हंजे माझ्यात आला."
घेतला. टाळूला चिकटला, विरघळला. पिठाची चव. बाकी काही म्हणजे काहीच नाही.
दारातच विचारलं, "आला?"
"आला." हसून सांगितलं. तोही हसला. कितीतरी दिवसांनी.
आता दर रविवारी हेच करायचं.

२ डिसें., मंगळ.
बोंबील जावेने टाकले वलांडीवर. मला हात लावावासा वाटेना, ते काम आम्ही दोघं करायचो. नळीतून दिलेलं पाणीही परत येतंय. प्रार्थना म्हणते ती छपराच्या वर जात नाही. आणि पोरांना शिकवते, तो तुमच्यात आहे. वर्ग सोडावा. पण फादरांना कोणत्या तोंडाने…

७ डिसें., रवि.
मिस्साहून आले. "आला?"
आज जमलं नाही. म्हटलं, "न्हाय. कंदीच न्हाय आला."
वाटलं, याचं उरलंसुरलंही मी काढून घेतलं. पण तो म्हणाला, "माझ्यात पन न्हाय. तू हासलीस म्हनून मी हासलो."
मग त्याने बोट वाकवून माझ्या बोटात अडकवलं, बोंबील अडकवायचो तसं. जोर काही नव्हता त्यात.
संध्याकाळी फादर यायचेत. काय सांगायचं ठरलेलं नाही. त्याचा डोळा लागलाय, बोट अजून तसंच आहे. डाव्या हाताने लिहितेय, अक्षर लागणार नाही.