आईचा गुडघा आणि विमानातली जागा

३ जून
दुपारी पुण्याहून फोन. मावशीचं जेवण सुटलंय. आई लगेच कपाटातून साड्या काढायला लागली. "कुसुम बोलतेय तोवर मला तिला बघायचंय."
इथून, उत्तरेतून, पुण्याच्या रेल्वेचं वेटिंग हलत नाही. मिळालं तरी प्रवास एक दिवस नि वर. विमानाला जेमतेम दोन-सव्वादोन तास, भाडंही आवाक्यातलं. पण आई पडल्यापासून तिचा डावा गुडघा वाकत नाही.

४ जून
माझ्या लेकीने, सईने, जेवणाच्या दोन खुर्च्या एकामागे एक लावून आजीला बसवलं. "आजी, इतनी ही जगह मिलेगी. टेंपो से भी कम."
"मग निशातगंजच्या बाजाराला शेअर टेंपोनेच जाते ना मी?" म्हणत आईने पाय घुसवला. पुढची खुर्ची सरकून भिंतीला लागली. आम्ही हसलो. आई नाही.
शेवटी पाय लांब करता येतील अशी एक रांग सापडली. थोडे जास्त मोजले, 'अटी मान्य'वर टिक केली. स्वतःवर खूश.

६ जून
अटी वाचायला हव्या होत्या. तीस वर्षं पेपरात दुसऱ्यांच्या कॉपीतल्या चुका काढतोय!
ती रांग आणीबाणीच्या दाराची. दार उघडू शकेल असाच माणूस तिथे चालतो. काउंटरवरची मुलगी नम्र होती. "सर, आंटी को वहाँ नहीं बिठा सकते."
आई म्हणाली, "बेटा, दरवाज़ा हम खोल देंगे. बताओ, कैसे खुलता है."
मिळाली सत्ताविसावी रांग. आईला आत शिरता येईना, मागे माणसं खोळंबलेली. तेवढ्यात पहिल्या, ऐसपैस रांगेतले एक उंच गृहस्थ आले. मलिहाबादला आंब्याची बाग त्यांची. "अम्माजी, आप आगे बैठिए. हम तो पेड़ पर भी बैठ लेते हैं."
पुण्यापर्यंत माझ्या शेजारी अंग आखडून बसले. मी आभार मानायला लागलो तर स्वतःच्या आईच्या आठवणीने म्हणाले, "हमारी वालिदा भी ऐसी ही थीं." नाव विचारायचं राहिलं.

८ जून
मावशीने आज डोळे उघडले, आईला ओळखलं. "इतका उशीर?"
"उडत आले की गं!"
दोघी हसल्या. मावशीला धाप लागली, तरी हसत होती.
त्या अरुंद सीटांवर मी सदरात तिरकस लिहिलंय, पुढेही लिहीन. पण त्या भाड्यात दुसरं काही नव्हतं, आणि उशीर झाला असता तर... आज तक्रार नाही.
आईचा गुडघा सुजलाय. लपवते.

१० जून
परतीची तिकिटं उद्याची. डॉक्टर म्हणाले, आठवडा, कदाचित महिना. आई म्हणाली, "तू जा, तुझं काम खोळंबलंय."
स्वस्त तिकीट, तारीख बदलत नाही. तिची सीट रिकामी जाईल. जाऊ दे.
"मग न्यायला कधी येऊ?"
आई मावशीचे ओठ ओल्या कापसाने टिपत होती. वर न बघता म्हणाली, "तिला विचार."
मावशी झोपली होती.