पेटी उचलल्याचा निरोप

ता. ४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. मी बरा आहे. तुम्हीही बरे असाल असं धरून चालतो, कारण नसता तर पत्राची वाट न बघता तू फोनवरूनच माझे कान उपटले असतेस. आईला सांग, जेवण वेळेवर होतं. चवीचं विचारू नका.

फोन सोडून पत्र कशाला, म्हणशील. आपण फोनवर बोलायला लागलो की बाबा शेजारी येऊन खोकतात आणि मला पुढचं सुचत नाही. पत्रात खोकला ऐकू येत नाही. माझं शिक्षण किती झालंय ते तुला ठाऊक आहे, तेव्हा चुका दिसल्या तर गिळून टाक.

काम असं आहे. आमच्या फ्लेक्स छपाईच्या दुकानात एक सायकल दुरुस्त करणारी बाई आली. तिला दुकानाच्या शटरवर नाव हवं होतं. मालक म्हणाले, शटरवर फ्लेक्स टिकत नाही, वर गुंडाळलं की फाटतो, भिंतीवर लावा. ती म्हणाली, "भिंत शेजाऱ्याची आहे." मालकांनी हात वर केले. मी मधेच बोललो, "मी हातानं रंगवून देतो." मालक माझ्याकडे असे बघायला लागले, जसा काही प्रिंटरच बोलला.

मी तिला आधीच सांगितलं, बाई, शटर खाली असेल तेव्हाच नाव दिसणार, म्हणजे दुकान बंद असताना. तर म्हणते कशी, "उघडं असतं तेव्हा सायकली दिसतातच की. बंद असतानाच सांगावं लागतं." बाबांना ही बाई आवडली असती.

सुट्टीच्या दिवशी रंगवलं. सुतळीला खडू चोळून रेघ मारली, हात टेकवायला काठी घेतली. शटरला पन्हाळीसारख्या नाल्या असतात. ब्रश खाली उतरतो, वर चढतो. जवळून अक्षर वाकडं दिसतं, रस्त्याच्या पलीकडून सरळ. हे मला कोणी शिकवलं ते लिहीत नाही. लहानपणी एका जागी बसत नव्हतो, पण डबा धरून शेजारी उभा तर होतो.

पहिल्या रेघेपासून शेवटच्या रेघेपर्यंत सगळं फोननं टिपलंय. फोन एका सायकलच्या कॅरिअरला बांधला होता. मधलं काही कापलं नाही. कापलं असतं तर बाबा म्हणाले असते, मधलं मशीननं केलं असणार.

गोम इथेच आहे. फाईल झाली भली मोठी. ईमेल घेत नाही. चॅटवरून पाठवावी तर ते दाबून चेपून पाठवतं आणि अक्षराची कड पुसट होते. बाबा दुसरं काही बघणारच नाहीत, कडच बघतील. म्हणून गिऱ्हाइकांच्या मोठ्या फाईली आमच्याकडे ज्या वाटेनं येतात, त्याच वाटेनं पाठवतोय. अवघड नाही. स्टेशनावरचं सामानघर समज. पेटी पोस्टमनच्या पिशवीत मावत नाही, म्हणून मी ती सामानघरात ठेवली आणि पावती तुझ्या फोनवर पाठवली. पावती म्हणजे ती लिंक. बाबांनी ती दाबायची, की पेटी त्यांच्या फोनात येते. सामानघरवाला पेटी आठवडाभर सांभाळतो, मग फेकून देतो. आणि कोणी पेटी उचलली की मला निरोप येतो.

म्हणून एक विनंती. लिंक बाबांच्या फोनवर टाक, पण तू उघडू नकोस. तू उघडलीस तर निरोप तुझा की बाबांचा, मला कळणार नाही.

बाबा काही बोलले तर कळव. नाही बोलले तर ते काही नवीन नाही. फ्लेक्स आला आणि त्यांचं पाट्या रंगवायचं काम गेलं, आणि मी निघालो फ्लेक्सच्याच दुकानात. "ज्यांनी माझे ब्रश वाळवले त्यांच्याकडे चाललास" हे म्हणाले तेव्हा तू दारातच होतीस. त्यानंतर माझ्याशी ते फक्त खोकलेत.

तुझा,
भिंगरी


ता. १५ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. त्याच्या आधी सामानघरवाल्याचा निरोप मिळाला होता. आठवडा संपला, पेटी कोणी नेली नाही, टाकून दिली.

बाबांनी फोन उपडा ठेवला आणि "मशीनवाल्याचं मशीनवर काय बघायचं" म्हणाले, हे तू लिहिलंस ते बरं केलंस. साखर लावून लिहिलं असतंस तर मी ओळखलं असतं. आई माझ्या बाजूनं भांडली, हेही वाचलं. तिला म्हणावं, भांडू नकोस. त्यांना बाजू घेतलेली चालत नाही, कड सरळ आलेली चालते.

मला काही वाईट वाटलं नाही. पेटी मी पुन्हा ठेवलीय, नवी लिंक पाठवतोय. पुन्हा फेकली तर पुन्हा ठेवीन. सामानघरवाला तरी कंटाळेल, नाहीतर बाबा तरी. मी कंटाळणारा माणूस म्हणून प्रसिद्ध आहे. चार धंदे धरले आणि सोडले, हे घरात सगळ्यांना पाठ आहे. या एका गोष्टीत मात्र कंटाळा येत नाहीये, याचं मलाच नवल वाटतं.

सायकलवालीच्या शटरसमोर लोक थांबतात. परवा न्हाव्यानं मालकांना विचारलं, "तुमचा तो हातानं लिहिणारा कुठेय?" मालकांना हसावं की रडावं कळेना.

मालक आणखी लांब, दुसऱ्या गावी नवं दुकान काढताहेत. तिथं मला मशीनवर कायमचं ठेवायचं म्हणताहेत. लवकर उत्तर द्यायचंय. ते राहू दे.

नवी लिंक तेवढी टाक. बोलू काही नकोस.

तुझा,
भिंगरी


ता. ३ मार्च

प्रिय ताई,

तू वैतागून लिहिलंयस. बाबांच्या फोनात जागा उरली नाही, फोटो निघत नाही, फोन अडकतो, आणि विचारलं की बाबा फोन घेऊन मागच्या खोलीत जातात आणि दार लोटून घेतात. आई म्हणते, पत्त्यांचा खेळ लागलाय. तू म्हणतेस, फोन बिघडलाय, नवा बघ.

नवा बघू नकोस. फोन चांगला आहे.

मी तुला एक सांगितलं नव्हतं. तू नवी लिंक टाकलीस, त्यानंतर चार दिवस काहीच नाही. मग मशीनवर रोल चढवत होतो तेव्हा फोन वाजला. पेटी उचलली. मी रोल तिरका लावला आणि एका मंगल कार्यालयाची अख्खी पाटी वाकडी छापली. मालक ओरडत होते. मला त्यांचं तोंड हलताना दिसत होतं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी पुन्हा निरोप. पेटी उचलली. मला वाटलं, सामानघरवाल्याचं डोकं फिरलं. मग संध्याकाळी परत. आठवडा संपत आला तशी मी पेटी पुन्हा ठेवली, नवी लिंक तू टाकलीस, आणि निरोप चालूच.

मग डोक्यात उजेड पडला. बाबांना वाटतंय, बघायचं असेल तर दर वेळी सामानघरात जाऊन पेटी आणावी लागते. पहिल्यांदा आणलेली पेटी आपल्याच घरात पडलीय, हे त्यांना ठाऊक नाही. ते दर वेळी लिंक दाबतात आणि दर वेळी अख्खं शटर नव्यानं फोनात येऊन बसतं. ताई, फोन बिघडलेला नाही. त्यात एकच शटर खच्चून भरलंय.

बाबा झोपले की त्यातल्या जास्तीच्या प्रती पुसून टाक. एक ठेव. पण त्यांना समजावून सांगू नकोस. तुझ्या पाया पडतो. तुला शिकवायची फार हौस आहे, माहीत आहे मला. आईला गॅस कसा पेटवायचा हेसुद्धा तू शिकवायला गेली होतीस. एवढं एक शिकवू नकोस. त्यांनी दाबलं की इकडे माझ्या खिशात वाजतं. एवढंच आमचं बोलणं आहे सध्या.

आता राहिलेलं लिहितो. मागच्या पत्रात "ते राहू दे" म्हटलं होतं ते. मला नव्या दुकानात जायचं नाही. मला परत यायचंय. मशीन वाईट नाही, पोट भरतं. पण शटर रंगवताना मी दिवसभर एका जागी उभा होतो, ताई. पाय दुखले ते संध्याकाळी कळलं. असं माझं कधी झालं नव्हतं. शटरं सगळ्या गावांत असतात, आपल्या गावातही आहेत, आणि ती कोणत्याही मशीनला भरवता येत नाहीत. बाबा आणि मी मिळून केलं तर काम मिळेल. पण बाबांच्या शेजारी त्यांच्या मर्जीशिवाय उभं राहता येत नाही.

मालकांकडून थोडे दिवस मागून घेतलेत. तू कधीतरी सहज विचार, भिंगरी आला तर ब्रश धुवायला तरी बसवाल का? त्यांच्या तोंडाकडे बघ आणि काय दिसलं ते लिही. मला विचारायची छाती नाही.

तुझा,
भिंगरी


ता. ११ मार्च

तीर्थरूप बाबांना नमस्कार.

तुमची फाईल मिळाली.

ताईला विचारलं तर तिला काहीच ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, भिंगरीला ब्रश धुवायला बसवाल का, एवढंच तिनं तुम्हाला विचारलं, तुम्ही ताटावरून उठलात आणि जुना रंगाचा डबा शोधायला गेलात. म्हणजे लिंक करून पाठवायचं तुम्ही एकट्यानं जमवलंत. आमच्या दुकानात गिऱ्हाइकांना हे समजावताना आमचा घसा बसतो.

अर्ध्या चित्रात तुमचा अंगठा आहे. उरलेल्या अर्ध्यात मागच्या अंगणातलं पत्र्याचं दार, आणि त्यावर तुम्ही काढलेलं माझ्या शटरवरचं चौथं अक्षर. माझं वळण जिथं मोडलंय तिथं मी ब्रश उचलला होता. तुम्ही उचलला नाही, श्वास धरून एका दमात वळवलात. मला वाटलं होतं, ते कोणाला दिसणार नाही. सायकलवालीला दिसलं नाही, मालकांना नाही, रस्त्यावर थांबणाऱ्यांना नाही.

शेवटी तुमचा आवाज आहे. "मनगट लोंबतंय तुझं. हे लांबून नाही सुधारायचं." मग खोकला. बाबा, तो खोकलाही मी पूर्ण ऐकला.

आज सकाळी मालकांना नाही म्हणून सांगितलं. ते म्हणाले, मशीन सोडून कोणी ब्रशकडे जातं का? मी म्हटलं, शटर भरवता येईल असं मशीन आणलंत की मला बोलवा. हसले. हातातलं काम संपवून महिनाअखेरीला निघतो.

एक गोष्ट आता तुमच्या लक्षात आली असेल. पेटी उचलली की ठेवणाऱ्याला निरोप जातो. तुमचे मला किती आले ते मी कोणाला सांगणार नाही. आईला पत्त्यांचा खेळच वाटू दे.

तुमची फाईल मी दोनदा उतरवून घेतली. एकदा बघायला. दुसऱ्यांदा गरज नव्हती, फोनातच होती. ते फक्त तुमच्या खिशात वाजावं म्हणून.

पत्र्याचं दार पुसू नका. त्या अक्षराच्या शेजारी जागा ठेवा.

लोंबतं मनगट घेऊन येणारा,
तुमचा भिंगरी